चौकात जीव गेला, तर रस्त्याच्या यंत्रणेवर कलम १९८-अ कसं लावून घ्यायचं

चौकात अपघाती मृत्यू झाला की एफआयआरमध्ये आरोपी एकटा ड्रायव्हर. दुभाजक भलत्या जागी फोडलाय, गतिरोधकावरचे पट्टे पुसलेत, सिग्नल बंद आहे, हे कागदावर येतच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ त्यासाठीच आहे. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम किरकोळच, आणि तीही घरच्यांना मिळत नाही, सरकारी निधीत जाते.

आधी रस्ता कोणाचा ते लेखी काढा. पुण्यात नवले पुलापाशी महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, भोवतालचे शहरातले रस्ते महापालिकेचे. अशा ठिकाणी दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. राज्याच्या कार्यालयांकडे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. देखभाल कोणाकडे, ठेकेदार कोण आणि या चौकाबद्दल गेल्या ३ वर्षांत आलेली पत्रं व त्यांवरची कार्यवाही, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

ही पत्रंच सगळ्यात महत्त्वाची. धोका यंत्रणेला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का, आणि दुरुस्तीला वेळ मिळाला होता का, हे कोर्ट पाहतं. म्हणून अपघाताआधीचा, आवक शिक्का असलेला एक साधा तक्रार अर्ज नंतरच्या दहा निवेदनांपेक्षा जड. ठिकाण ब्लॅक स्पॉटच्या, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागांच्या यादीत असेल तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोयच उरत नाही. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, हा त्याचा निकष. यादीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे विचारा.

पोलिसांकडे लेखी जबाब द्या, सोबत तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडा. डागडुजी अनेकदा रातोरात होते, तेव्हा फोटो त्याच दिवशी काढा. १९८-अ ला फक्त दंड आहे, त्यामुळे एकटं लावलं तर ते अदखलपात्र ठरतं, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि कोर्टाने दखल घेण्याची मुदत जेमतेम ६ महिने. म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूच्या कलमासोबत ते जोडायची मागणी करा. दखलपात्र कलमाबरोबर त्याचाही तपास होऊ शकतो. ठाण्यात नकार मिळाला तर टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तांना कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी तिथे वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो, तो वेळ धरून चाला.

भरपाईचा मार्ग वेगळा. वाहनाच्या विम्याची रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वारसांनी मागायची. कायद्यातली मुदत अपघातापासून ६ महिने. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, मृताच्या वयाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, वारसांची ओळखपत्रं लागतात. कारण खड्डा किंवा उघडं मॅनहोल असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार मृत्यूसाठी ६ लाख रुपये. महापालिका हद्दीत अर्ज आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे करायचा. चौकाची रचनाच चुकली असेल तर ही समिती उपयोगाची नाही. दिवाणी दावा करावा लागतो आणि सरकार प्रतिवादी असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस.