बीपी ११०, आणि तरीही काळजी

डेंग्यू म्हटलं की फणफणून ताप, डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखं अंग, पुरळ. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला वॉर्डात आणतात तेव्हा यातलं बरंचसं नसतंच. ताप बेताचा, कधी तेवढाही नाही. घरचे सांगतात, 'दोन दिवस जेवण नाही, उठताना तोल गेला, बोलणंही जरा असंबद्ध वाटतंय.' मग डेंग्यूची शंका यायलाच उशीर होतो.

सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असतं, पण जीवावर बेततं ते बहुतेकदा रक्तवाहिन्या पाझरू लागल्यामुळे. ताप उतरायच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो. हे २४ ते ४८ तास चालतं. रक्त दाट होतं म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतो, नाडी धावू लागते, पुढे रक्तदाब कोसळतो. म्हातारपणी या तिन्ही खुणा दगा देतात. अंगात मुळातच रक्त कमी असेल तर चढलेला हिमॅटोक्रिटही रिपोर्टात 'नॉर्मल' दिसतो. बीटा ब्लॉकरची, म्हणजे बीपी-हृदयासाठीची नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी हवी तशी वाढत नाही. आणि एरवी १६० असणारं वरचं बीपी ११० भरलं, तर तक्त्यावर ते छानच दिसतं. त्या शरीराला मात्र ते अपुरं पडत असू शकतं. आजारापूर्वीचे रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी सोबत आणणारा नातेवाईक इथे निम्मं निदान घेऊन येतो, असं मला वाटतं.

अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचं भय वाढतं. ती थांबवायची की नाही, हे हृदयाचा इतिहास पाहून डॉक्टरच ठरवणार. आकडा घसरला की प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावाधाव होते, तिचा उपयोग मात्र फारसा नसतो: सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०,००० किंवा त्याखाली प्लेटलेट असलेल्या, रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना त्या चढवूनही रक्तस्राव टळला नाही.

उपचार म्हणजे मुख्यतः मोजूनमापून सलाइन. आणि पाझरणं थांबलं की बाहेर गेलेला द्रव आपणहून रक्तात परततो. तरुण मूत्रपिंडं तो लघवीवाटे काढून टाकतात. थकलेल्या हृदयाच्या माणसाला त्याच वेळी सलाइन चालूच राहिलं, तर जास्तीचं पाणी फुफ्फुसांत साठून ताप गेल्यावर धाप लागते.