सुई झिजली की रबर थकलं?

एलपी तबकडीच्या एका बाजूवर कडेपासून लेबलापर्यंत गेलेली एकच अखंड खाच असते. वीस मिनिटांची बाजू असेल तर ती चारशे मीटरहून लांब भरते. रेकॉर्ड प्लेअरची सुई हे सगळं अंतर घासत जाते. हजार तासांत तिचा प्रवास सुमारे १,३०० किलोमीटरचा, म्हणजे जवळपास मुंबईहून दिल्लीपर्यंतचा होतो. तिच्यावर भार असतो जेमतेम दीड-दोन ग्रॅम. पण तो खाचेच्या दोन्ही भिंतींवर इतक्या इवल्याशा जागेत टेकतो, की तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होतो. त्यात खाचेतली धूळ, धुळीतले वाळूचे कण. मग हिऱ्याचं टोकसुद्धा झिजतं.

ते कसं झिजतं हे महत्त्वाचं आहे. साध्या सुईचं टोक गोल असतं, त्रिज्या साधारण १५ ते १८ मायक्रोमीटर. झिजताना ते नुसतं बारीक होत नाही, तर भिंतींना टेकणाऱ्या दोन्ही अंगांना सपाट पैलू पडतात आणि पैलूंच्या कडांना धार येते. आता १०,००० हर्ट्झचा सूर घ्या. एलपीच्या बाहेरच्या कडेला त्याची एक लाट सुमारे ५० मायक्रोमीटर लांब असते. लेबलाजवळ खाच सुईखालून हळू सरकते, त्यामुळे तीच लाट २१ मायक्रोमीटरवर येते. पैलू रुंद झाला की सुई या आखूड लाटेच्या वळणात शिरू शकत नाही. म्हणून झिजेची पहिली खूण बाजूच्या शेवटच्या गाण्यात ऐकू येते: ‘स’ आणि ‘श’ फाटतात, झांजा खरखरतात. त्याच वेळी पैलूंच्या धारदार कडा भिंती खरवडत असतात. ही हानी कायमची असते, नंतर कितीही चांगली सुई लावली तरी. साठ वर्षांपूर्वी छापलेली भावगीतांची तबकडी तशीच्या तशी पुन्हा मिळणार नाही. म्हणून शंका आली की आधी वाजवणं थांबवावं आणि शंभर-दोनशे पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली सुई पाहावी. बाजूने प्रकाश टाकला की पैलू चमकतात.

सुई ज्यात बसवलेली असते आणि जो तिच्या कंपनांतून वीज निर्माण करतो तो भाग म्हणजे कार्ट्रिज. आता प्रश्न येतो, जुनं कार्ट्रिज दुरुस्त करावं की नवं घ्यावं. याचं उत्तर कार्ट्रिजच्या जातीवर अवलंबून आहे.

मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकाच्या, जातीत निर्णय सोपा आहे. हिरा, तो ज्या बारीक दांडीवर बसवलेला असतो ती कॅन्टिलिव्हर, दांडीच्या मागच्या टोकाचा चिमुकला चुंबक आणि दांडीला तोलून धरणारं रबर हे सगळं एकाच सुट्या भागात असतं. तो भाग ओढून काढायचा, नवा खोचायचा. मागच्या खोक्यात राहतात ती तारेची वेटोळी. त्यांना झीज माहीत नाही. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनवणं बंद केलं, तरी तिच्या जुन्या मॉडेलांसाठी जपानची जिको कंपनी सुया बनवते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेत तर त्याच खोक्याला मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची रुंद सुईही बसते. ज्यांच्या घरी जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या आहेत त्यांनी ही सोय जरूर वापरावी. त्या रुंद खाचेत एलपीची सुई तळाशी जाऊन घासते आणि पदापेक्षा खरखर जास्त ऐकवते.

मूव्हिंग कॉइल जातीत रचना उलटी: चुंबक स्थिर, वेटोळी कॅन्टिलिव्हरवर. केसापेक्षा बारीक तारा थेट हलणाऱ्या भागातून बाहेर येतात, त्यामुळे सुई ओढून काढता येत नाही. इथे रीटिपिंग करावं लागतं. कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली जुना हिरा काढून त्याच दांडीवर नवा चिकटवतो, किंवा दांडी मध्ये कापून पुढचा तुकडा नवा जोडतो. कधी कधी अॅल्युमिनियमच्या जागी बोरॉनची किंवा माणकाची दांडीही घालतात.

या कामात मिलिग्रॅमच्या अंशांनाही किंमत आहे. एलपीचं विनाइल प्लास्टिक किंचित लवचीक असतं, त्यामुळे सुईचं वस्तुमान आणि विनाइलची लवचीकता मिळून एका ठरावीक कंप्रतेला सूर धरतात. चांगल्या कार्ट्रिजमध्ये ही कंप्रता ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडे ठेवलेली असते. गोंदाचा जाड थेंब किंवा जोडावरची नळी वजन वाढवते आणि ती कंप्रता खाली, कानाच्या टप्प्यात येऊ लागते. लांबट टोकाचा हिरा स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किंचित फिरून बसला तर डावा आणि उजवा आवाज वेगवेगळ्या क्षणी वाचला जातो. काम उत्तम झालं तरी दांडी आणि हिरा वेगळ्या प्रकारचे असतील, तर हातात येतं ते वेगळं कार्ट्रिज, कधी जास्त चांगलंही. डेनॉनचं डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज साठच्या दशकापासून आजही बनतं. त्याची सुई झिजली तर मी नवंच घेईन. पण महागडं, आता बनत नसलेलं, वेटोळी शाबूत असलेलं कार्ट्रिज असेल तर रीटिपिंग नक्की करावं. त्याआधी उत्पादकाला विचारावं. काही कंपन्या जुनं कार्ट्रिज घेऊन कमी किमतीत नवं देतात.

आपल्याकडच्या जुन्या एचएमव्ही फिएस्टासारख्या प्लेअरमधल्या क्रिस्टल, म्हणजे दाबलेल्या स्फटिकातून वीज काढणाऱ्या, कार्ट्रिजची गोष्ट निराळी. त्यात रोशेल मिठाचा स्फटिक असेल तर तो दमट हवेत विरघळत जातो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेला असा स्फटिक मुका झाला, की सुई बदलून काही उपयोग नाही. तिथे मापात बसणारं सिरॅमिक कार्ट्रिज शोधावं.

उरतं रबर, आणि बहुतेक जण त्याकडेच पाहत नाहीत. हिरा वापराने झिजतो, रबर मात्र नुसत्या काळाने आणि उष्णतेने कडक होतं किंवा ढिलं पडतं. ढिल्या रबराने दांडी खचते आणि कार्ट्रिजचं पोट तबकडीला टेकू लागतं. कडक रबर खर्जाच्या जोरदार जागी सुईला हलू देत नाही, ती खाचेतून उसळते. अशा कार्ट्रिजवर नुसता नवा हिरा बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कारागिराला रबरही बदलता येतं का, हे आधी विचारावं. चाळीस वर्षं डबीत न उघडता राहिलेलं, ‘कोरं’ म्हणून विकलं जाणारं कार्ट्रिज घेतानाही हीच खबरदारी हवी: त्यातला हिरा खरोखर नवा असेल, रबर चाळीस वर्षांचंच असतं.