घोळ जमतो, म्हणून तो लवकर संपू शकतो

ऑगस्ट २०२१मध्ये, पावसाळी बंदी उठल्यानंतर, पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले. लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. ही बातमी अजूनही फिरत असते, आणि सांगणारा शेवटी हमखास म्हणतो, "बघा, मासा संपला म्हणतात ते खोटं आहे." त्या खलाशांच्या कष्टाचं चीज झालं याचा आनंदच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तो का चुकतो हे समजून घ्यायला घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासूनच सुरुवात करायला हवी.

आपल्या किनाऱ्यावर या पिशवीला बोत म्हणतात. सगळा भाव तिलाच असतो. वाळवलेलं बोत हाँगकाँग, सिंगापूरकडे जातं आणि तिथे त्याचं सूप होतं. त्याच्या औषधी गुणांबद्दल वाट्टेल ते छापून येतं. बोत म्हणजे मुख्यतः कोलॅजन, एक प्रथिन. पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच त्याचेही तुकडे होतात. एवढी किंमत मिळते ती प्रतिष्ठेपायी.

माशाला मात्र या पिशवीचा खरा उपयोग आहे. तिच्यामुळे तो ठरावीक खोलीवर तरंगत राहतो. शिवाय घोळ, ढोमा यांच्या कुळात ती वाद्याचंही काम करते. पिशवीच्या बाजूंना खास स्नायू असतात, अनेक जातींत फक्त नरांना. पृष्ठवंशी प्राण्यांमधल्या सर्वांत वेगवान स्नायूंमध्ये त्यांची गणना होते. ते भराभर आकुंचन पावले की ढोलावर टिपरू पडावं तशी पिशवी घुमते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. विणीच्या काळात नर असा आवाज करतात, माद्या येतात, थवा जमतो. गढूळ पाण्यात, जिथे हातभर अंतरावरचं दिसत नाही, तिथे जोडीदार शोधायची ही उत्तम सोय आहे.

पण हा आवाज माणसालाही ऐकू येतो. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर पाण्यात डोकं बुडवून थव्याची जागा सांगणारे जाणकार असत. चीनमध्ये १९५०च्या दशकात होड्यांवर लाकडं बडवून पिवळ्या क्रोकरचे, म्हणजे घोळ माशाच्याच कुळातल्या एका माशाचे, थवे बधिर करून पकडले गेले, पिल्लांसकट. पुढे हिवाळी थव्यांवरही घाला पडला आणि चीनच्या या मुख्य माशाची नैसर्गिक संख्या कोसळली.

आता हिशोब पाहू. समजा, समुद्रात दहा हजार मासे आहेत आणि ते हजार-हजारांच्या दहा थव्यांत जमतात. काही वर्षांत नऊ हजार पकडले गेले. उरलेले हजार विखरून राहत नाहीत, ते एकाच थव्यात जमतात. ज्या बोटीला तो थवा सापडतो, तिचं जाळं पूर्वीइतकंच भरतं. मत्स्यशास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज बऱ्याचदा 'दर फेरीला किती मासा' यावरून बांधतात. साठा आणि पकड एकाच प्रमाणात घटतात, हे त्यात गृहीत असतं. जमणाऱ्या माशाच्या बाबतीत साठ्याचा आलेख घसरतो आणि पकडीचा सपाट राहतो, शेवटचा थवा जाईपर्यंत. त्यात ध्वनिलहरींनी मासे शोधणारं सोनार यंत्र आणि जीपीएस आले, की थवा शोधण्यात जाणारा वेळही कमी होतो आणि फसगत आणखी वाढते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचा साठा कोसळण्यामागे हेच एक मोठं कारण होतं. २ जुलै १९९२ रोजी तिथे बंदी आली आणि हजारोंचा रोजगार गेला. ती बंदी पूर्णपणे उठायला २०२४ उजाडलं.

खुद्द घोळ माशाचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. केप यॉर्कच्या टोकाजवळ इंजिनू नावाची आदिवासी वस्ती आहे. तिथल्या थव्यांवर मासेमारी वाढली आणि गेल्या शतकाच्या अखेरीस पूर्ण वाढलेले मासे दिसेनासे झाले. तेव्हा वस्तीने स्वतःहून दोन वर्षं हा मासा पकडणं बंद केलं. पुढे बोताचे भाव चढल्यावर क्वीन्सलंड राज्याने २०१९मध्ये पूर्व किनाऱ्यासाठी वर्षाला २० टनांची मर्यादा घातली. ती भरली, की त्या वर्षापुरती पकड बंद.

महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, ते पाऊल योग्यच आहे. पण 'लहान मासा सोडून द्या' हा नियम घोळ माशाला पुरत नाही, आणि इथे पुन्हा बोतच आडवं येतं. वीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. मासा झटकन वर ओढला, की पिशवीतली हवा जवळजवळ तिप्पट फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, पिशवी फाटते. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत पंधरा मीटरपेक्षा जास्त खोलीवरून काढलेले बहुतेक घोळ मेले. म्हणून थवा जमतो ती जागा आणि तो काळच वगळायला हवा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीबाहेर घोळ कधी, कुठे अंडी घालतो, त्यानुसार ती जागा ठरवावी लागेल.

त्यासाठी लागणारी माहिती बंदरावरच मिळण्यासारखी आहे. बोत काढायला प्रत्येक मासा चिरावाच लागतो. तेव्हा नर की मादी, अंडी पिकलेली की नाही, हे तिथेच दिसतं. डोक्यातला पांढरा खडा, जो माशाच्या कानाचा भाग असतो, कापून सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजली की वयाचा अंदाज येतो. मुरबे, सातपाटी, डहाणू इथे लांबी, लिंग आणि पकडीची जागा, एवढ्या तीन नोंदी खरेदीच्या पावतीवरच झाल्या, तर दोन-तीन मोसमांत घोळ माशाच्या विणीचा नकाशा काढता येईल.