डाव्या अंगठ्यातलं दुःख

मे महिन्यातली सोलापूरची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बहिणीचा मुलगा सुट्टीला आलेला, कूलरसमोर मांडी घालून कंट्रोलरवर गेम खेळत होता आणि मध्येच एकदम गप्प झाला. म्हटलं, हरलास काय बे? तर म्हणतो, "मामा, दादा मेला." आणि उठून पाणी प्यायला गेला.

खरं सांगतो, आधी मला हसूच आलं. आमच्या पिढीचा गेम म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत मशीनमध्ये नाणं टाकायचं आणि गोळ्या मारायच्या, त्यात रडायचं काय? मग संध्याकाळी स्वतः खेळून बघितला.

गेमचं नाव 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स', २०१३ चा, बनवणारा जोसेफ फारेस, स्वीडनचा, मुळात सिनेमे काढणारा माणूस. बाप आजारी, दोन भाऊ औषध आणायला निघतात. भाषा बनावट, एक शब्द कळत नाही. गंमत कंट्रोलरमध्ये आहे, मोठा भाऊ तुमच्या डाव्या हाताने चालतो आणि धाकटा उजव्या. सुरुवातीला इतका गोंधळ होतो की दोघं झाडावर आपटत राहतात, पण तासाभरात हात बसतो. धाकट्याला पोहता येत नाही, तो दादाच्या पाठीवर बसून पाणी ओलांडतो.

हे "हात बसणं" सोलापूरकराला वेगळं समजवायला नको. आमच्या शेजारचे आजोबा आयुष्यभर मागावर होते, माग विकल्यावरही टीव्ही बघताना त्यांचा हात धोटा फेकल्यासारखा हलायचा. मेंदू हत्याराला शरीरातच धरतो बहुतेक. १९९६ मध्ये जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना छोट्या दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं. हाताजवळची वस्तू दिसली की पेटणाऱ्या मेंदूतल्या काही पेशी, दाताळं वापरून झाल्यावर त्याच्या टोकाजवळची वस्तू दिसली तरी पेटायला लागल्या, जणू हातच तेवढा लांब झाला. आणि माकडाने दाताळं नुसतं धरून ठेवलं, वापरलं नाही, तर हा परिणाम नाही. म्हणजे वापरावं लागतं.

माझा अंदाज असा की गेममध्येही हेच होत असणार. दादा मेल्यावर डावा हात रिकामा होतो. बटण तिथंच असतं, पण कुणी हलत नाही. मग परतीच्या वाटेवर पाणी येतं, धाकटा काठावर अडतो, उजव्या हाताने काहीही करा, तो पाण्यात उतरत नाही, शेवटी तुम्ही वैतागून दादाचं, डावीकडचं बटण दाबता आणि तो पोहायला लागतो. सिनेमात हे रडणाऱ्या नटाकडून कळलं असतं, इथं ते तुमच्याच बोटाला कळतं. (माझ्याही डोळ्यात पाणी आलं, भाच्याला सांगू नका.)

रॉजर ईबर्ट या सिनेसमीक्षकाने २०१० मध्ये लिहिलं होतं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत. त्याचा एक मुद्दा असायचा की कलेत सूत्रं कलाकाराच्या हातात हवीत, खेळणाऱ्याच्या नाही. मला तर उलटंच वाटतं, सूत्रं खेळणाऱ्याच्या हातात दिली म्हणून तर ती नंतर काढून घेता येतात. बाकी बहुतेक गेममध्ये असलं काही नसतं हेही खरंय, गोळ्या मारणं आणि स्किन, म्हणजे पात्राचे नवे कपडे-रंग, विकत घेणं, बस्स.

आणि फार ग्राफिक्स लागतात असंही नाही. सायबरबॉल नावाचा संशोधनासाठी बनवलेला एक अगदी साधा गेम आहे, तिघं एकमेकांना बॉल टाकतात, थोड्या वेळाने दोघं तुम्हाला बॉल देणं बंद करतात. एवढंच. २००४ च्या एका प्रयोगात लोकांना आधीच सांगितलं होतं की समोरचे दोघं कॉम्प्युटरच आहेत, तरी त्यांना वाईट वाटलं.

जेवताना भाच्याला विचारलं, दादा गेल्यावर डावा अंगठा काढून घेतलास का रे? भाकरी मोडत म्हणाला, "नाही, तिथंच ठेवला होता."