वेशभूषाकार (रंगभूमी व चित्रपट)

नाटकातील वा चित्रपटातील पात्रांच्या अंगावरील प्रत्येक वस्तूची योजना करणारी व्यक्ती म्हणजे वेशभूषाकार. कपड्यांबरोबर पादत्राणे, शिरोभूषणे, दागिने आणि चष्माही या कामात मोडतात. चेहरा व केस रंगभूषेकडे जातात. शिवलेले कपडे सांभाळणारा कपडेपट हा वेगळा विभाग असला, तरी लहान निर्मितीत दोन्ही कामे एकाच व्यक्तीवर येतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात (सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० या दरम्यानचे मानतात) वेष आहार्य अभिनयात, म्हणजे वेष, अलंकार, रंग अशा बाह्य साधनांनी होणाऱ्या अभिनयात, येतो. तेथे शुद्ध (साधा, स्वच्छ), विचित्र (रंगीबेरंगी) व मलिन (मळका) असे वेषाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मळका वेषसुद्धा योजून करावा लागतो, याची ही जाण महत्त्वाची आहे.

युरोपीय रंगभूमीवर वेशभूषाकार हा स्वतंत्र कलावंत केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. इंग्रज वास्तुकार इनिगो जोन्सने १६०५ पासून इंग्लंडच्या दरबारातील ‘मास्क’ या नृत्य-संगीतमय नाट्यप्रकारासाठी केलेली वेशचित्रे उपलब्ध असल्याने काही अभ्यासक त्यालाच पहिला मान देतात. फ्रेंच नट ताल्मा १७९०च्या सुमारास रोमन पात्र रंगवताना टोगा (रोमनांचे अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र) घालून, उघड्या हातापायांनी रंगमंचावर आला. पण तो निर्णय एका नटाचा, स्वतःपुरता होता. १८२३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये नट व व्यवस्थापक चार्ल्स केंबलने शेक्सपिअरचे ‘किंग जॉन’ केले, तेव्हा नाटककार जे. आर. प्लांशेने जुन्या साधनांच्या आधारे त्यातील वेश आखले. आरेखन ही कसोटी धरली, तर जोन्सचा दावा बळकट ठरतो. मात्र काळाचा अभ्यास करून सर्व पात्रांचा एकत्रित विचार करणे, हा आजच्या व्यवसायाचा गाभा प्लांशेच्या कामात अधिक स्पष्ट दिसतो. तोवर नट बहुधा स्वतःजवळचे किंवा नाटक मंडळीच्या साठ्यातले कपडे घालत.

काम चित्रापासून नव्हे, तक्त्यापासून सुरू होते. संहिता वाचून पात्र, प्रवेश, कथेतला दिवस, हवामान, वेशाचा क्रमांक आणि कपडे बदलायला मिळणारा अवधी हे रकाने भरतात. चित्रपटात ‘कथेतला दिवस’ हा रकाना चुकला की सारेच चुकते, कारण चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. कथेत तिसऱ्या दिवशी बाही फाटत असेल आणि चौथ्या दिवसाचा प्रसंग आधी चित्रित होणार असेल, तर फाटकी प्रत आधी तयार लागते. फाट कुठे, किती आणि कोणत्या दिशेने, हेही तेव्हाच ठरवावे लागते. रक्त वा चिखल लागणाऱ्या वेशाच्या प्रती टेकच्या (एकच दृश्य किती वेळा चित्रित होईल त्याच्या) अंदाजाने काढतात. साहसदृश्यातील बदली कलाकाराची प्रत आत पॅड व हार्नेस (सुरक्षेचे पट्टे) मावेल इतकी सैल शिवतात.

कापड बेतण्याआधी भिजवून आटवून घेतात. अवघड बेताचा कच्चा नमुना आधी मांजरपाटात करतात. शिवणीत २.५ ते ४ सेंमी. माया (आत दुमडलेले जादा कापड) ठेवली, तर नट बदलला तरी कपडा टिकतो. ट्रायल उभ्याने घेऊन भागत नाही. बसणे, वाकणे, हात वर करणे, जिना चढणे हे सारे करून पाहावे लागते. काखेतली शिवण बहुतेक वेळा इथेच उसवते.

रंगमंचावर अर्ध्या मिनिटात वेश बदलायचा असेल, तर दर्शनी बटणे नुसती वर शिवून खाली प्रेस बटणे लावतात. वेल्क्रो लवकर सुटतो, पण त्याचा फर्र आवाज शांत प्रवेशात शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पँट बुटांभोवती गोळा करून ठेवली, तर पाय घालून एका ओढीत वर घेता येते. अर्थात पायचा बुटावरून जाण्याइतका रुंद हवा.

नाटकातला वेश दूरच्या प्रेक्षकाला बाह्याकृतीवरून कळावा लागतो. कॅमेरा टाक्यापर्यंत पोहोचतो. सुरुवातीच्या, लाल रंग न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निळा पांढुरका व लाल जवळजवळ काळा उमटे, म्हणून रंग डोळ्यांवर विसंबून ठरवता येत नसत. आजच्या डिजिटल चित्रणात बारीक चौकडी व रेघा लहरतात. पांढराशुभ्र सदरा चमकू नये म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून त्याचा पांढरेपणा कमी करतात. टाफेटासारखे सळसळते कापड छातीवरच्या मायक्रोफोनला त्रास देते.

कपडा जुना करणे ही वेगळी कारागिरी आहे. खळ राहिली तर रंग नीट धरत नाही, म्हणून आधी धुतात. मग ओल्या कपड्याच्या खिशात वजन घालून वाळवतात, म्हणजे ओढ बसते. कोपर, गुडघे, खिशाची कड आणि कॉलरची घडी पॉलिश पेपर किंवा तारेच्या ब्रशने झिजवतात, आणि पातळ रंग थरांनी चढवतात. सगळीकडे सारखा मळ लावला, तर कपडा वापरलेला न दिसता माखलेला दिसतो.

या व्यवसायात कपडेपटातून, शिवणकामातून किंवा चित्रकलेतून येता येते. भानू अथैया फॅशनचित्रे काढत या क्षेत्रात आल्या. ‘गांधी’ (१९८२) साठी त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. वेशभूषेचे ऑस्कर १९४८ च्या चित्रपटांपासून दिले जाऊ लागले, आणि सुरुवातीला कृष्णधवल व रंगीत चित्रपटांसाठी ते वेगवेगळे होते.