व्याज टळले, कार्बन किती टळला?

इस्लामी बँक व्याज घेत नाही, मद्य आणि जुगार या धंद्यांना पैसा पुरवत नाही. तेव्हा तिचा व्यवहार समाजाच्या आणि निसर्गाच्या हिताचाच असणार, असे अनेकांना वाटते. मात्र निषिद्ध धंदे वगळल्याने केवळ चाळणी लागते, मोजमाप होत नाही. कोळशावरचे वीजकेंद्र या चाळणीतून सहज पार होते. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने २०१७ मध्ये इस्लामी बँकांसाठी मूल्याधिष्ठित मध्यस्थीचे, म्हणजे ठेवीदारांचा पैसा समाजाच्या व निसर्गाच्या हिताकडे वळवण्याचे, धोरण मांडले, तेव्हापासून शरियतच्या नियमपालनापलीकडे परिणाम दाखवण्याची अपेक्षा तेथे रुजू लागली.

त्याच वर्षी तेथील तादाऊ एनर्जी या कंपनीने २५ कोटी रिंगिटचा हरित सुकूक काढला. हा जगातील पहिला हरित सुकूक मानला जातो. सुकूक म्हणजे मालमत्तेतील वा तिच्या उत्पन्नातील वाट्याचा दाखला; त्याचा पैसा पर्यावरणपूरक कामासाठी असला, की तो हरित. हा पैसा बोर्निओ बेटावरील साबा राज्यात, कुडात येथील ५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी होता.

यातून कार्बन किती वाचला? वर्षाचे ८,७६० तास आणि उदाहरणादाखल १६ टक्के क्षमता-वापर (पूर्ण क्षमतेने अखंड चालल्यास जी वीज होईल तिच्या १६ टक्के) धरला, तर वीज होते सुमारे ७०,००० मेगावॅट-तास. खरी मेख पुढेच आहे, कारण ही वीज नसती तर तिच्या जागी कोणती वीज वापरली गेली असती, हे ठरवल्याशिवाय बचत काढता येत नाही. साबात बहुतांश वीज नैसर्गिक वायूची, शेजारच्या सारावाकमध्ये बहुतांश जलविद्युत, तर द्वीपकल्पीय मलेशियात कोळशाचा वाटा मोठा. म्हणून तेच पॅनेल तीन ठिकाणी तीन उत्तरे देते. शिवाय सौर वीज आज चालू असलेल्या केंद्रांचे उत्पादन कमी करते आणि उद्या उभ्या राहणाऱ्या केंद्रांची गरजही घटवते. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेची पद्धत या दोन परिणामांच्या उत्सर्जन-गुणांकांना (म्हणजे प्रति मेगावॅट-तास विजेमागे किती टन कार्बन डायऑक्साइड, या आकड्यांना) सौर व पवन प्रकल्पांसाठी सर्वसाधारणपणे ०.७५ आणि ०.२५ असे भार देऊन एकत्रित गुणांक काढते. तो प्रति मेगावॅट-तास अर्धा टन निघाला, तर बचत वर्षाला ३५,००० टन. अहवालांत हीच संख्या ‘इतकी लाख झाडे लावल्यासारखे’ अशी सजवली जाते, तेव्हा गुणांक कुठला घेतला हे आधी विचारावे.

बचतीतील बँकेचा वाटा तिने पुरवलेल्या भांडवलाच्या प्रमाणात धरतात. मुराबहा व्यवहारात बँक १०० रुपयांची वस्तू स्वतः घेऊन १२० रुपयांना हप्त्यांवर विकते. अशा वेळी येणे रक्कम १२० दिसली, तरी हिशेब १०० वरच करायला हवा, नाहीतर नफा वाढवला की कागदावरचा कार्बनही जास्त वाचतो.

सामाजिक परिणामाचे गणित याहून निसरडे आहे. पाकिस्तानात २००१ पासून बिनव्याजी कर्जे देणाऱ्या अखुवतसारख्या संस्थेची वसुली चांगली असली, तरी तिच्यावरून कर्जदाराचे उत्पन्न वाढले की त्याने घरातले दागिने मोडून हप्ता भरला, हे कळत नाही. त्यासाठी कर्ज न मिळालेल्या, पण बाकी सर्व बाबतींत तशाच कुटुंबांची नोंद त्याच काळात ठेवावी लागते.