स्टॅबिलायझर लेन्समध्ये की बॉडीत? वादामागची पार्श्वभूमी

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: बॉडीतच स्टॅबिलायझर आहे, मग लेन्सही तसलीच महागडी कशाला घ्यायची? काउंटरवर ज्या कंपनीचा माल असेल तिच्या बाजूने उत्तर मिळते. स्टॅबिलायझर म्हणजे हाताची थरथर फोटोत उतरू न देणारी यंत्रणा. ती लेन्समध्ये बसवता येते किंवा कॅमेऱ्याच्या बॉडीत. मुळात या दोन वाटा कोणी तत्त्व म्हणून निवडलेल्या नाहीत. कोणती कंपनी फिल्मच्या काळात या कामाला लागली आणि कोणती फिल्मच्या जागी सेन्सर आल्यावर, एवढ्यावरून त्या फुटल्या.

त्याआधी हलल्या फोटोवर इलाज दोनच होते, ट्रायपॉड किंवा वेगवान शटर. चाळीसगावचे केकी मूस टेबलटॉप छायाचित्रांसाठी ओळखले जातात. वस्तू जागची हलत नाही, प्रकाश आपण म्हणू तसा, कॅमेरा पक्का बसवलेला, अशा कामात हाताच्या थरथरीला वावच नसतो. हतनूर धरणाच्या पाण्यावर पहाटे उतरणाऱ्या बदकांचे तसे नाही. हातात कॅमेरा धरायचा तर शटर निदान 1 भागिले फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) इतके हवे, असा जुना ठोकताळा आहे. 300 मिमी लेन्सला सेकंदाचा 1/300 भाग. लहान सेन्सरच्या, म्हणजे दीडपट क्रॉपच्या एपीएस-सी बॉडीवर तीच लेन्स 450 मिमीसारखी वागते, म्हणून 1/500. पहाटेच्या उजेडात एवढा वेग मिळत नाही.

हिशेब सोपा आहे. कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाइतका कलला, तर 50 मिमी लेन्सची प्रतिमा सेन्सरवर सुमारे 0.09 मिमी सरकते आणि 500 मिमी लेन्सची 0.87 मिमी. 24 मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम, म्हणजे 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण 6 मायक्रॉनचा असतो. म्हणजे पहिल्या वेळी पंधराएक पिक्सेलची रेघ उमटते, दुसऱ्या वेळी जवळपास दीडशेची. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या दोन आकड्यांत आहे.

कंप भिंगातच मोडून काढायची कल्पना सिनेमावाल्यांची. 1960च्या दशकात स्पॅनिश अभियंते हुआन दे ला सिएर्वा इ ओसेस यांनी डायनालेन्स केली: दोन काचांच्या मध्ये द्रव, आणि कॅमेरा कलला की काचा कलून किरणांची दिशा बदलायची. घरगुती कॅमकॉर्डरमध्ये जायरो, म्हणजे कलण्याचा वेग मोजणारा सेन्सर, पॅनासॉनिकने 1988 मध्ये आणला. स्थिर फोटोंच्या कॅमेऱ्यात निकॉनचा झूम 700व्हीआर हा फिल्म कॉम्पॅक्ट 1994चा, आणि बदलता येणाऱ्या लेन्समध्ये कॅननची 75-300 मिमी आयएस 1995ची (व्हीआर हे निकॉनचे, आयएस हे कॅननचे स्टॅबिलायझरसाठीचे नाव). कॅननच्या या लेन्समध्ये दोन जायरो होते, एक वर-खाली कलण्यासाठी, एक डाव्या-उजव्या. त्यांनी मोजलेल्या वेगावरून भिंगांचा एक गट अक्षाला काटकोनात सरकवायचा. फायदा दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे), म्हणजे 1/250 ऐवजी 1/60.

हे सगळे लेन्समध्येच का? कारण मागे फिल्म होती. रोल आणि स्पूलमध्ये ताणून, प्रेशर प्लेटने दाबून धरलेली पट्टी सेकंदात कित्येकदा इकडेतिकडे कशी सरकवणार? काँटॅक्सने 1996 मध्ये एएक्स नावाच्या कॅमेऱ्यात फिल्मचा सगळा कप्पाच हलवून दाखवला, पण तो पुढे-मागे, फोकससाठी. कॅमेरा इतका जाड झाला की ती वाट पुढे कोणी धरली नाही. निकॉनची 80-400 व्हीआर 2000 मध्ये आली तोवर दोन्ही मोठ्या कंपन्यांचा पैसा आणि पेटंट लेन्सच्या बाजूला अडकले होते.

त्या वाटेचा एक फायदा आजही कमी लेखला जातो. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, प्रकाश लेन्समधून व्ह्यूफाइंडरला आणि फोकसच्या सेन्सरलाही जातो, त्यामुळे शटर अर्धे दाबले की डोळ्यापुढचे चित्रच थांबते. कॅननच्या 1997च्या 300 मिमी एफ/4 मध्ये मोड 2 आला. त्यात कॅमेरा ज्या दिशेने फिरवतोय त्या दिशेची दुरुस्ती बंद होते आणि फक्त तिच्या काटकोनातली थरथर काढली जाते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात धावत्या घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायचा असेल तर हाच मोड हवा. साध्या मोडवर स्टॅबिलायझर तुमच्या फिरवण्यालाच कंप समजून विरोध करतो, आणि फ्रेम अडखळते.

दुसरी वाट मिनोल्टाची. 2003च्या डिमाज ए1 मध्ये तिने सेन्सरच हलवला, पिएझो मोटारींवर. 2004 मध्ये कोनिका मिनोल्टाच्या 7डी या डिजिटल एसएलआरमध्ये तीच यंत्रणा आली आणि त्या माउंटच्या, म्हणजे त्याच बॉडीवर बसणाऱ्या, जुन्या लेन्सही एका झटक्यात स्टॅबिलायझरवाल्या झाल्या. कंपनी मात्र टिकली नाही. 2006च्या जानेवारीत तिने कॅमेरे सोडल्याचे जाहीर केले आणि तंत्र सोनीकडे गेले. पेंटॅक्स 2006 मध्ये, ऑलिम्पस 2007 मध्ये याच वाटेने आले. पण त्या बॉड्यांच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र हलतच राहायचे. परिणाम फोटो काढल्यावरच कळायचा. शिवाय 500 मिमीला सेन्सरला लांब पळावे लागते, तेवढी जागा बॉडीत नसते आणि लेन्सच्या प्रतिमावर्तुळाची (ती ज्या गोलात चित्र पाडते त्याची) कडाही आड येते. लेन्समध्ये भिंगांचा गट थोडासा सरकला तरी किरण पुरेसे वळतात. लांब लेन्सच्या कामात लेन्समधला स्टॅबिलायझर आजही वरचढ आहे.

बॉडीची खरी करामत दिसली ती 2012च्या ऑलिम्पस ई-एम5 मध्ये, पाच अक्षांच्या दुरुस्तीत: दोन कलणे, दोन सरकणे आणि एक गोल फिरणे. गोल फिरणे लेन्सला कधीच सुधारता येत नाही, कारण गोल भिंग स्वतःभोवती फिरवले तरी चित्र फिरत नाही. सरकण्याचे महत्त्व जवळच्या फोटोत कळते. 50 मिमीने तीन मीटरवरचा माणूस टिपताना कॅमेरा एक मिलिमीटर सरकला तर चित्र जेमतेम 0.017 मिमी सरकते. रावेर-यावलच्या बागेत केळीच्या पानावरचा करपा मूळ आकारात, 1:1 टिपताना तोच एक मिलिमीटर पूर्ण एक मिलिमीटर होतो, आणि जायरोला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला सरकणे ओळखणारा अॅक्सेलरोमीटर लागतो. कॅननने 2009च्या 100 मिमी मॅक्रोत तो बसवला होता. वाऱ्याने पान हलले तर मात्र दोन्ही यंत्रणांचा काही उपयोग नाही.

आरसा गेला आणि भांडणही बरेचसे निवळले. मिररलेसमध्ये डोळ्याला सेन्सरचेच चित्र दिसते, त्यामुळे बॉडीची जुनी उणीव उरली नाही. पॅनासॉनिकने 2015च्या जीएक्स8 मध्ये लेन्स आणि बॉडी एकत्र कामाला लावल्या. कॅनन मात्र 2020 मध्ये आर5 आणि आर6 घेऊन बॉडीतल्या स्टॅबिलायझरकडे वळला, आणि ठराविक लेन्ससह आठ स्टॉपचा दावा केला. आठ स्टॉप म्हणजे 1/100 ऐवजी अडीच सेकंद. हळदीत नाचणारी मंडळी अडीच सेकंद स्तब्ध राहत नाहीत, तेव्हा लग्नाच्या कामात या आकड्याचा उपयोग मंडपाची रोषणाई टिपण्यापुरता. हे आकडे सीपा या कॅमेरा कंपन्यांच्या जपानी संघटनेच्या पद्धतीने, यंत्रावर कॅमेरा हलवून मोजतात. हातात त्यातले दोन स्टॉप कमीच धरावेत. नाचासाठी 1/200 च्या खाली जाऊ नये, स्टॅबिलायझर कितीही भारी असो.

बिघडते कुठे? पक्क्या ट्रायपॉडवर जुन्या लेन्सचा स्टॅबिलायझर चालू ठेवला तर जायरोच्या स्वतःच्या गोंधळाला तो कंप समजतो, आणि लांब एक्स्पोजरमध्ये चित्र हळूहळू वाहत जाते. 1999 पासूनच्या कॅननच्या मोठ्या टेली लेन्स ट्रायपॉड ओळखतात, बाकीच्यांवर बटण बंदच करावे. अॅडॅप्टरवर जुनी मॅन्युअल लेन्स लावली की बॉडीला फोकल लेन्थ हाताने सांगावी लागते. 135 च्या जागी 50 राहिले तर दुरुस्ती अपुरी पडते, आणि 50 च्या जागी 135 राहिले तर उलट जास्त हलते. वाइड लेन्सने चालत व्हिडिओ घेताना कोपरे लडबडतात, तो बॉडीतल्या स्टॅबिलायझरचा स्वभाव आहे. अर्धे दाबल्यावर अर्धा-एक सेकंद थांबून मगच पूर्ण दाबावे.

फोनमध्येही हाच क्रम दिसतो: 2012च्या लुमिया 920 मध्ये लेन्स हलायची, 2020च्या आयफोन 12 प्रो मॅक्समध्ये सेन्सर. मोटारसायकलच्या इंजिनाचे जोरदार कंप हँडलमधून पोहोचून या यंत्रणा बिघडू शकतात, असे अॅपलने 2021 मध्ये स्वतःच जाहीर केले. तोरणमाळचा घाट चढताना फोन खिशात आणि कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत फोमवर, डिकीत नाही. बॉडी बंद असताना हलवल्यावर आत खुळखुळ वाजली तर घाबरू नये. बऱ्याच बॉड्यांत वीज नसताना सेन्सर मोकळा असतो.

जुनी लेन्स घेताना दुकानाबाहेर यावे, लांबची पाटी सर्वात लांब झूमवर धरावी आणि अर्धे दाबावे. चित्र एका सेकंदात बसायला हवे. ते एका बाजूला उडी मारत असेल, वाहत असेल किंवा थरथर उलट वाढत असेल, तर भिंगांचा गट किंवा जायरो गेला समजा. बॉडी तपासताना ती चालू करून लेन्स काढा आणि सेन्सर चौकटीच्या मध्यावर सरळ बसलाय का ते पाहा. चालू असतानाही तो एका कोपऱ्याकडे लटकत असेल तर ती बॉडी किंमत पाडूनही घेऊ नये, कारण सुटा स्टॅबिलायझर सहसा दुरुस्त करत नाहीत, सेन्सरसकट अख्खा बदलतात.